बॉसला तुमचं काम ठाऊक आहे की नुसतं स्टेशन?

मेहनत तर वसई-विरारकरांच्या पाचवीलाच पुजलेली. पण ती दिसते कुणाला? सहाची गाडी पकडणाऱ्या तमाम मंडळींसाठी...

सहा वाजायला दहा मिनिटं आहेत. तुमचा एक डोळा मॉनिटरवर, दुसरा मोबाइलमधल्या टाइमटेबलवर. डबा बॅगेत गेलाय, चार्जर गुंडाळून झालाय. आणि नेमका तेव्हाच साहेबांच्या केबिनबाहेर घोळका जमायला लागतो. कुणीतरी कटिंग मागवतं. हशा उठतो. एका नव्या क्लायंटचं नाव तुमच्या कानावर पडतं... आणि तुम्ही? तुम्ही लिफ्टमध्ये! कारण ही विरार फास्ट चुकली, तर पुढच्या गाडीत पाय ठेवायला जागा मिळेल याची गॅरंटी खुद्द पश्चिम रेल्वेही देणार नाही.

दुसऱ्या दिवशी कळतं, नवं काम त्या कटिंगवरच वाटलं गेलं.

ओळखीचं वाटलं ना? मग तुम्ही नायगाव, वसई, नालासोपारा, विरार यांपैकी कुठल्या तरी इंडिकेटरखाली उभे राहणाऱ्यांतले. (किंवा बदलापूर-टिटवाळ्याचे असाल. दुःख तेच, लाइन फक्त वेगळी.)

मी वसईची. रोज दादरला उतरून, स्लो गाडी पकडून लोअर परळ गाठते. नोकरी एका कंपनीच्या एचआरमध्ये. म्हणजे माझी पंचाईत बघा. सकाळी लेडीज डब्यात 'माझं प्रमोशन का झालं नाही' हे ऐकायचं, आणि ज्या खोलीत ती प्रमोशनं ठरतात तिथेही दर वर्षी बसायचं. दोन्हीकडचं ऐकून माझं एक मत पक्कं झालंय. आपण कामात कुणाला हार जात नाही. आपण मार खातो तो दिसण्यात.

बंद खोलीतली दोन मिनिटं

त्या खोलीबद्दल लोकांच्या फार भन्नाट कल्पना असतात. प्रत्यक्षात तिथे पाच-सहा मॅनेजर, गार झालेले सामोसे आणि भिंतीवर एक एक्सेल शीट असते. नावं ओळीने खाली सरकत जातात. सगळ्यांना 'उत्कृष्ट' देता येत नाही. कुणाला वर ढकलायचं, कुणाला खाली आणायचं, म्हणजे तो सुप्रसिद्ध बेल कर्व्ह नीट बसेल, यावर घासाघीस चालते. एका नावाच्या वाट्याला दोन मिनिटं आली तरी खूप.

त्या दोन मिनिटांत तुमच्या मॅनेजरला तुमच्याबद्दल एक वाक्य सुचलं पाहिजे. एकच. आणि ते ठोस पाहिजे. 'हो, चांगली आहे, मेहनती आहे' असं तो म्हणाला ना, की मी मनातल्या मनात म्हणते, गेलं! 'मेहनती' हा त्या खोलीतला सर्वांत बिनकामाचा शब्द. ज्याच्याबद्दल काही आठवत नाही, त्याला मेहनती म्हणतात. याउलट 'दोन वर्षं अडकलेलं वसुलीचं प्रकरण हिने मार्गी लावलं' असं कुणी म्हणालं, की बाकीच्या माना वळतात.

आणखी एक गंमत सांगते, जी बाहेर फारशी कुणाला माहीत नसते. नुसता आपला मॅनेजर आपल्या बाजूने असून भागत नाही. तो वाक्य बोलला, की टेबलाभोवतीच्या दुसऱ्या कुणीतरी मान डोलवावी लागते. 'हो हो, आमच्या डिपार्टमेंटलाही तिने मदत केली होती.' झालं, काम फत्ते! ही दुसरी मान डोलली नाही, तर तुमचा मॅनेजर एकटा पडतो. आणि एकटा पडलेला मॅनेजर फार वेळ भांडत नाही हो. त्यालाही स्वतःचं रेटिंग असतंच की.

आपलीच टिमकी?

आता खरी अडचण. आपल्याकडे लहानपणापासून शिकवलंय काय, तर आपण काम करत राहावं, काम आपोआप बोलतं. समर्थ रामदासांनी तर दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खांची लक्षणं सांगताना स्वतःची स्तुती करणाऱ्यालाही त्या यादीत बसवलंय. मग हे बाळकडू प्यायलेली मुलगी मीटिंगमध्ये हात वर करून 'हे मी केलं' म्हणेल कशी? तिची जीभच रेटत नाही.

पण त्याच दासबोधात एकोणिसाव्या दशकाची सुरुवात लेखनक्रियेच्या समासाने होते, हे आपण सोयीस्कर विसरतो. अक्षर कसं असावं, लिहिताना काय काळजी घ्यावी, यासाठी समर्थांनी अख्खा समास खर्च केलाय. स्वतःची टिमकी वाजवू नका, पण नीट लिहा. मला तरी हा सल्ला आजच्या ऑफिसला चपखल बसतो असं वाटतं. टिमकी आणि नोंद यांत फरक आहे. 'मी फार ग्रेट काम केलं' ही टिमकी. '१२ तारखेला काम पूर्ण केलं, आधी चार दिवस लागायचे, आता एक लागतो' ही नोंद. पहिलीला लोक हसतात. दुसरी लोक पुढे पाठवतात.

वसईकर म्हणून एक आगाऊपणा करू का? आमचा किल्ला मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतला. त्या मोहिमेत काय काय घडलं हे आज आपल्याला कळतं, कारण मोर्च्यांवरून पत्रं जात होती. पुढे गो. स. सरदेसायांच्या संपादनाखाली पेशवे दप्तराचे ४५ खंड निघाले, त्यांत वसईच्या मोहिमेची पत्रंही छापली गेली. तोफा डागून झाल्यावर कागदावर कोण काय लिहितं, यावरही बरंच अवलंबून असतं!

सकाळचा दिवा दिसत नाही

किंबर्ली एल्सबाख, डॅनियल केबल आणि जेफ्री शर्मन या तिघांनी २०१० मध्ये 'ह्यूमन रिलेशन्स' या नियतकालिकात एक अभ्यास छापला. निष्कर्ष वाचून चिडचिड होते. माणूस ऑफिसच्या वेळेत नुसता जागेवर दिसला, तर तो 'जबाबदार, भरवशाचा' वाटतो. वेळ संपल्यावरही दिसला, तर 'कामाला वाहून घेतलेला' वाटतो. तो तिथे बसून नेमकं काय करतोय, हे बघणाऱ्याला माहीत नसलं तरी! म्हणजे रात्री आठ वाजता तो सॉलिटेअर खेळत असेल, पण साहेब पार्किंगकडे जाताना त्याच्या खांद्यावर थाप मारून जाणार.

आता आपल्याकडचं उलटं चित्र बघा. विरार-वसईचे कितीतरी लोक गर्दी टाळायला सकाळी लवकरची गाडी पकडतात आणि साडेआठला जागेवर असतात. ऑफिसचे दिवे तेच लावतात. पण सकाळी दिवा लावणारा कुणाला दिसत नाही, रात्री दिवा विझवणारा दिसतो. तास तेवढेच भरतात, फक्त बघायला कुणी नसतं.

बायकांच्या बाबतीत तर हे घड्याळ आणखी कडक. पश्चिम रेल्वेने १९९२ मध्ये चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू केली, पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत आली. केवढा आधार झाला तो! पण आमच्या आधीच्या पिढीतल्या किती जणींची ऑफिसं त्या गाडीच्या वेळेला संपायची, आणि त्यानंतर ऑफिसात जे काही ठरायचं ते त्यांच्यावाचूनच ठरायचं, याचा हिशेब कुणी मांडला नाही.

मध्ये एक मजेशीर काळ येऊन गेला. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या आणि बघता बघता विरारवाला आणि वरळीवाला स्क्रीनवर एकाच मापाच्या चौकोनात येऊन बसले. सहा वाजता उठून कुणी जात नव्हतं. आमच्या ऑफिसातल्या काही 'लांबच्या' लोकांची नावं मोठ्या साहेबांना पहिल्यांदा कळली ती तेव्हा, चौकोनाखाली लिहिलेली असायची म्हणून!

पण घरून काम हाही काही रामबाण नाही बरं का. चीनमधल्या सीट्रिप या ट्रॅव्हल कंपनीत २०१०-११ मध्ये नऊ महिन्यांचा एक प्रयोग झाला. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम त्यात होते. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी सुधारली. आणि प्रमोशन? कामगिरीच्या मानाने त्यांना बढती मिळण्याचं प्रमाण घटलं. जास्त काम, कमी प्रमोशन. मात्र त्याच कंपनीतला १,६१२ कर्मचाऱ्यांवरचा पुढचा प्रयोग २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आला, त्यात आठवड्यातून दोन दिवस घरून आणि बाकी दिवस ऑफिसात काम करणाऱ्यांच्या बढतीत काहीच फरक पडला नाही. नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण मात्र एक तृतीयांशाने घटलं. मी यातून माझ्यापुरता अर्थ काढलाय. रोज रात्री नऊपर्यंत बसायची गरज नाही. पण काही दिवस, काही तास असे हवेतच, जेव्हा लोकांना आपण दिसतो.

धावा विरारच्या, स्कोअरबुक आझाद मैदानातलं

क्रिकेटवाल्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही. नोव्हेंबर २०१३, आझाद मैदान, हॅरिस शील्ड. रिझवी स्प्रिंगफील्डकडून १४ वर्षांच्या पृथ्वी शॉने ३३० चेंडूंत ५४६ धावा ठोकल्या. पोरगा आमच्या विरारचा. वडिलांबरोबर किट घेऊन लोकलने मुंबई गाठायचा. बॅट तीच, हातही तेच. तेवढ्याच धावा विरारच्या एखाद्या मैदानात निघाल्या असत्या, तर चाळीतल्या लोकांनी पाठ थोपटली असती आणि विषय संपला असता. आझाद मैदानातलं स्कोअरबुक वाचणारे लोक वेगळे. २०१८ मध्ये राजकोटला पहिल्याच कसोटीत त्याने शतक केलं.

मला त्याहून शिकण्यासारखी वाटते ती शार्दूल ठाकूरची गोष्ट. हा पालघरजवळच्या माहीमचा. दिनेश लाड हे बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेचे प्रशिक्षक, रोहित शर्माचेही तेच. त्यांनी शार्दूलला पाहिलं ते त्यांच्याच शाळेविरुद्ध खेळताना! मग त्याला आपल्या शाळेत आणलं, राहायला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. पुढे हॅरिस शील्डमध्ये त्याने एका षटकात सहा षटकार मारले.

बघा, त्याला हेरलं ते समोरच्या टीमच्या कोचने. बंद खोलीतली ती दुसरी मान आठवली? तुमच्या डिपार्टमेंटबाहेर तुमचं काम कुणी पाहिलंय, हा प्रश्न स्वतःला विचारून बघा. अकाउंट्समध्ये असाल तर सेल्सच्या लोकांना तुमचं नाव माहीत आहे का? आयटीत असाल तर ज्यांचं काम तुमच्यामुळे सोपं झालं, त्यांना ते तुमच्यामुळे झालंय हे ठाऊक आहे का? दुसऱ्या डिपार्टमेंटबरोबरची मीटिंग म्हणजे डोक्याला ताप म्हणून आपण टाळतो. तीच तर आपली हॅरिस शील्ड!

'तुला कशाला त्रास?'

आमच्या ग्रुपमध्ये एक जण आहे. राहते नालासोपाऱ्याला, पण खिडकीसाठी आधी उलटी विरारला जाते आणि तीच गाडी धरून परत येते. एका कंपनीत अकाउंट्सला आठ वर्षं झाली. टीम लीडची जागा निघाली तेव्हा तिच्या तोंडाशी आलेला घास तिच्यानंतर तीन वर्षांनी लागलेल्या मुलाला मिळाला. मुलगा अंधेरीतच राहणारा.

भांडायला म्हणून ती बॉसकडे गेली. तो म्हणाला काय, तर 'अगं, तू एवढ्या लांबून येतेस, मुलगी लहान आहे. क्लोजिंगला रात्री उशीर होतो. म्हटलं, तुला कशाला त्रास?'

वाईट माणूस नाही हो तो. मनापासून काळजीने बोलला. तिला कुणी नाकारलंच नव्हतं. तिला विचारलंच नव्हतं! तिच्या नावापुढे त्याच्या डोक्यात एकच गोष्ट लिहिलेली होती, 'लांब राहते.' आठ वर्षांत तिने त्याला आपलं काम दाखवलं होतं, पण आपल्याला काय हवंय हे कधी सांगितलं नव्हतं. आणि रिकाम्या जागेत माणूस आपल्या मनाने काहीतरी भरतोच.

त्या दिवशी आम्ही मीरा रोडपर्यंत शिव्या घातल्या आणि भाईंदरची खाडी ओलांडताना कामाला लागलो. तिने बॉसला लेखी कळवलं. मला टीम लीड व्हायचंय. मंगळवार-गुरुवारी मी आठपर्यंत थांबू शकते, घरी सोय केली आहे. बाकी दिवस सहाला निघेन, पण सकाळी साडेआठपासून मी ऑफिसात असते. क्लोजिंगचे चार दिवस लागेल तेवढं थांबेन. गेल्या वर्षी केलेली तीन कामं ही. बस्स, पानभर मजकूर. विनवणी नाही, रडगाणं नाही.

सुकेळीवाली

आता एक नाजूक विषय. वसईची म्हणून मी ऑफिसात सुकेळी न्यायचे. राजेळी केळ्यांची, उन्हात वाळवलेली, मधासारखी. सगळे खूश! वर्षभरात चौथ्या मजल्यापर्यंत माझी ओळख झाली, 'ती सुकेळीवाली'. हीसुद्धा व्हिजिबिलिटीच, पण तिच्यावर इन्क्रिमेंट मिळत नाही.

वाढदिवसाचा केक, दिवाळीची रांगोळी, फेअरवेलची वर्गणी, मीटिंगचे मिनिट्स... ही कामं कुणाच्या गळ्यात पडतात? लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी २०१७ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये दाखवून दिलं, की ज्या कामाने बढती मिळत नाही, ते काम बायकांना जास्त वेळा सांगितलं जातं आणि त्या 'हो'ही जास्त वेळा म्हणतात. नाही म्हणायला तोंड उघडत नसेल, तर निदान पाळी लावा. 'या वेळी मी केलं, पुढच्या वेळी तू' एवढं हसत हसत म्हणता येतं. (सुकेळी मी अजूनही नेते. आता ती नेते तेव्हा कामाचं काहीतरी बोलायला नेते!)

दीड तासाचं भांडवल

विरार ते चर्चगेट सुमारे ६० किलोमीटर. फास्ट गाडीनेही सव्वा-दीड तास. आपण तो वेळ वाया गेलेला धरतो. पण ज्या दिवशी बसायला मिळेल, निदान चौथी सीट तरी, त्या दिवशी दहा मिनिटं काढा. मोबाइलमध्ये एक नोंद ठेवा: या आठवड्यात काय संपवलं, कुणाचं काम सोपं केलं, कुठे अडलंय. शुक्रवारी त्यातल्या चार-पाच ओळी बॉसला पाठवा. सगळ्या दुनियेला सीसी मारू नका, त्याने नुसता वैताग येतो. आणि ज्यांनी मदत केली त्यांची नावं त्यात जरूर घाला. आजवर मी पाहिलंय, दुसऱ्याचं श्रेय लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या श्रेयावर कुणी शंका घेत नाही.

याच ओळी वर्षअखेरीला उपयोगी पडतात. सेल्फ अप्रेझलच्या फॉर्मात 'दिलेली कामं वेळेत केली' एवढंच लिहून मोकळे होणारे लोक मी दर वर्षी बघते. डोक्याला हात लावावासा वाटतो! अहो, सरकारी नोकरीतल्या अहवालातही कर्मचाऱ्याने स्वतःच्या कामाबद्दल लिहायचा भाग असतो. आणि सरकारी कर्मचाऱ्याच्या अहवालातला प्रत्येक शेरा त्याला कळवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देव दत्त खटल्यात सांगितलंय. खासगी कंपनीत ती सोय नाही, तेव्हा आपणच विचारायचं. 'माझ्याबद्दल त्या खोलीत काय बोललं गेलं?' चांगला मॅनेजर उत्तर देतो. वाईट मॅनेजर गडबडतो, तेही एक प्रकारचं उत्तरच.

हे सगळं करूनही काही ऑफिसं सुधारत नाहीत. तिथे घोळक्यात उभं राहणाऱ्यालाच मिळतं. अशा वेळी ती मोबाइलमधली नोंद घेऊन बायोडेटा करायचा आणि डब्यात चार जणांना सांगायचं. आमच्या ग्रुपमधल्या दोघींना सध्याच्या नोकऱ्या लागल्यात त्या डब्यातल्याच ओळखीतून. वांद्र्याला चढणाऱ्या एकीने सांगितलं होतं, आमच्याकडे जागा आहे.

आणि नालासोपाऱ्यावाली? गेल्या मार्चचं क्लोजिंग तिच्याकडे दिलं गेलं. चार माणसं हाताखाली होती, काम वेळेत झालं. डेझिग्नेशनचा कागद मात्र अजून आलेला नाही, पगारही तेवढाच. त्याबद्दलचा मेल तिने परवा गाडीतच लिहिला आणि पाठवण्याआधी मला दाखवला. 'मीही थोडंफार काम सांभाळलं' अशी सुरुवात होती. 'मीही' आणि 'थोडंफार' एवढे दोन शब्द मी काढायला लावले. बाकी मेल झकास होता. नायगाव येईपर्यंत तिने तो पाठवूनही टाकला.